वर्ग दोनचं सॉफ्टवेअर

आमच्याकडे वावर घेताना इसार द्यायच्या आधी एक प्रश्न हमखास विचारला जातो, आणि तो सातवीत शाळा सोडलेला माणूसही विचारतो: "वर्ग एक का वर्ग दोन?"

वडनेर भोलजी हे नांदुरा तालुक्यातलं, मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधे महामार्गावरचं गाव. इथे कायद्याची पुस्तकं कोणी उघडत नाही. पण सातबाऱ्यावर 'भू-धारणा पद्धती' ह्या शब्दांपुढे काय लिहिलंय, हे पाहिल्याशिवाय कोणी खिशात हात घालत नाही. वर्ग एक म्हणजे मोकळी जमीन: विका, गहाण टाका, पोरीच्या नावे करा. वर्ग दोन म्हणजे सिलिंगची, वतनाची, भूमिहीनांना वाटलेली वगैरे. कसणं तुमचं, पीक तुमचं, पण विकायची तर आधी सरकारची परवानगी लागते. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, कलम २९मध्ये, हा फरक आहे. तो तिथेच राहिला असता तर कोणाला कळला नसता. तो सातबाऱ्याच्या डोक्यावर छापला जातो, म्हणून सगळ्यांना माहीत. आता महाभूलेखवर मोबाइलमध्येही दिसतो.

त्याच मोबाइलवर आपण दुसरीही एक मालमत्ता घेत असतो आणि तिचा वर्ग कधी विचारत नाही. सॉफ्टवेअर, ॲप, गेम, त्यातल्या बंदुका आणि कपडे, ॲन्टिव्हायरसचा वर्षाचा कोड. ह्यातलं जवळपास सगळं वर्ग दोनचं असतं. वापरा, पण दुसऱ्याला देऊ नका. हे कुठे लिहिलेलं असतं? लिहिलेलं असतं हो, नक्की असतं. ज्या मजकुरात लिहिलेलं असतं त्याची, म्हणजे परवाना-कराराची, मला इथे एक लेखनप्रकार म्हणून समीक्षा करायची आहे. आपल्या पिढीने 'वाचलं आणि मान्य आहे' असं सर्वांत जास्त वेळा कशाला म्हटलं असेल, तर ह्याला. तरी त्यावर मराठीत कोणी समीक्षक लिहीत नाही. कवितासंग्रहांवर लिहितात, ज्यांच्या पाचशे प्रती निघतात.

पहिली गोष्ट म्हणजे हा मजकूर येतो कधी. खरेदीखत पैसे देताना समोर असतं. परवाना-करार पैसे दिल्यानंतर, डबा फोडल्यावर, सॉफ्टवेअर टाकायला सुरुवात केल्यावर येतो. त्या वेळी दुकानदार फोडलेला डबा परत घेत नाही. म्हणजे संमती मागितली जाते ती नकार महाग झाल्यावर. ऑनलाइन विक्रीत तो आधी असतो, पण एका निळ्या दुव्याच्या पलीकडे, आणि त्या दुव्यावर न जाताही खरेदी पूर्ण होते.

दुसरी गोष्ट, भाषा. माझ्या पाहण्यात आलेले सगळे करार इंग्रजीत होते, त्या कंपन्यांचं ॲप आणि जाहिरात मराठीत असली तरीही. आणि ते इंग्रजीही अशा पद्धतीचं की महत्त्वाचं वाक्य सुटं कधीच राहत नाही. 'विकू नका' ह्या दोन शब्दांना 'भाड्याने, उसने, पोटपरवान्याने, गहाण, वर्ग करून' अशा नात्यागोत्यात बसवलेलं असतं. लग्नाच्या पत्रिकेतल्या निमंत्रकांच्या यादीत नवरदेव शोधावा, तसं. 'तुम्ही' हे सर्वनाम जिथे येतं तिथे पुढे बहुधा बंधन येतं, 'आम्ही' जिथे येतं तिथे अधिकार. पण एका ठिकाणी हा लेखनप्रकार विलक्षण थेट बोलतो: तुम्हाला परवाना दिलाय, सॉफ्टवेअर विकलेलं नाही. विंडोजच्या करारात हे आहे, ॲपलच्या प्रमाण करारातही आहे. ॲपलच्या त्याच करारात पुढे एक सुंदर सूचना आहे: तुम्ही तुमचा फोन दुसऱ्याला विकलात, तर त्याआधी त्यावरून ते ॲप काढून टाका. फोन तुमचा, ॲप तुमचं नाही. इतकं स्वच्छ वाक्य आहे ते. फक्त ते 'बाय' ह्या बटणाजवळ नाही.

आणि बटणावरचा शब्द हाच तर खरा मुद्दा. मराठीत हे बटण 'खरेदी करा' असं होतं. खरेदी हा आपल्याकडे बोलाचालीचा हलका शब्द नाही. खरेदी झाली म्हणजे खरेदीखत झालं, रजिस्ट्री झाली, आता मधे कोणी येणार नाही. दुसऱ्याची जमीन वापरण्याच्या इतर सगळ्या तऱ्हांना आपल्या भाषेत वेगळे शब्द आहेत: भाड्याने, मक्त्याने, बटईने, गहाण. वर्षभरासाठी पैसे मोजून कसायला घेतलेल्या वावराला आमच्याकडे कोणी 'घेतलं' म्हणत नाही. 'मक्त्यानं केलं' म्हणतात. एका क्रियापदात हक्काची हद्द सांगून होते. ॲन्टिव्हायरसचा वर्षाचा कोड हा निव्वळ मक्ता आहे. पण बटण लिहिणाऱ्याने ह्या सगळ्या शब्दांतून नेमका सर्वांत जड शब्द उचलला, आणि कराराने तो मागच्या दाराने काढून घेतला.

कोणी म्हणेल, हा शब्दांचा खेळ झाला. नाही. ह्याच शब्दावरून महाराष्ट्रातल्याच एका कंपनीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून सुरू झालेली आणि पुढे ॲन्टिव्हायरससाठी घराघरात पोचलेली क्विक हील. डब्यात सीडी आणि एक कोड, दुकानदारामार्फत विक्री, हा तिचा धंदा आपल्या ओळखीचा. सेवाकर विभागाने मार्च २०११ ते मार्च २०१४ ह्या काळासाठी तिच्याकडे सुमारे ५६ कोटींचा कर मागितला. विभागाने बोट दाखवलं ते परवाना-करारावरच: ग्राहकाला फक्त वापरण्याची मुभा मिळते, मालकी नाही, शिवाय अपडेट येत राहतात, तेव्हा ही वस्तूची विक्री नसून सेवा आहे. कंपनीचं म्हणणं उलट: आम्ही वस्तू विकतो, विक्रीकर भरतो. आधी कर लवादाने आणि ५ ऑगस्ट २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचं म्हणणं मान्य केलं. ही विक्री आहे.

नीट वाचलं तर त्या निकालात एक बारकावा आहे आणि तो लपवणं बरं नाही. राज्यघटनेच्या कलम ३६६(२९अ)प्रमाणे वस्तू वापरण्याचा हक्क हस्तांतरित केला तरी करापुरती ती 'विक्री' मानली जाते. म्हणजे न्यायालयाने ग्राहकाला पूर्ण मालक केलं, असं म्हणता येणार नाही. तरीही ह्या निकालामागे एक परंपरा आहे. २००४मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं होतं की सीडीवरचं तयार सॉफ्टवेअर ही वस्तू आहे, कारण ती विकता येते, घेता येते, हस्तांतरित करता येते. २ मार्च २०२१ला 'इंजिनिअरिंग ॲनालिसिस सेंटर'च्या निकालात प्राप्तिकराच्या संदर्भात पुन्हा तेच: परदेशी कंपनीकडून घेतलेलं तयार सॉफ्टवेअर म्हणजे कॉपीराइट भाड्याने घेणं नव्हे, एका प्रतीची खरेदी आहे. आणि तिथल्या करारांतही 'अहस्तांतरणीय' हे लिहिलेलं होतंच.

आता चित्र असं दिसतं. कर द्यायची वेळ आली की ही वस्तू असते, विकलेली. ग्राहकाला ती पुढे विकायची वेळ आली की परवाना असतो, दिलेला. एकाच डब्याचे दोन सातबारे. ज्याला जो सोयीचा, तो तो दाखवतो. आणि ग्राहकाला ह्यातला एकही डब्यावर दिसत नाही.

कॉपीराइट कायद्याचा इतिहासही ह्या जागी बोलका आहे. १९५७च्या कायद्यात १९९४ला दुरुस्ती होऊन संगणक-प्रोग्रामची प्रत विकण्याचा हक्क मूळ मालकाकडे ठेवला गेला, तोही 'ती प्रत पूर्वी विकली गेलेली असली किंवा नसली तरी' अशा अर्थाच्या शब्दांसकट. म्हणजे जुनी सीडी पुढे विकणंही मूळ मालकाच्या हातात. १९९९च्या दुरुस्तीत ते शब्द वगळले. २०२१च्या निकालात न्यायालयाने ह्या वगळण्याची दखल घेतली आहे. एकदा विकलेल्या प्रतीवरची पकड कायद्याने तिथे सैल केली. करारांनी ती पुन्हा आवळली.

हे सगळं दिल्लीतलं. गावात काय होतं? आमच्याकडे ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका ओळखीच्या मुलाने जुना कॉम्प्युटर घेतला. विकणारा खामगावचा, दुकान बंद करत होता. त्यात बिलं आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर होतं, त्याचे म्हणून चार हजार वेगळे धरले, मूळ पावतीही हातात दिली. दोन महिन्यांनी हार्ड डिस्क बदलावी लागली आणि सॉफ्टवेअरने पहिल्या मालकाचा ईमेल मागितला. हेल्पलाइनवरची मुलगी अत्यंत नम्रपणे म्हणाली की लायसन्स ट्रान्सफर होत नाही. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचा एकच मुद्दा होता: "दादा, बिल हाये ना माह्याजवळ!" मी ते बिल पाहिलं. त्यावर वस्तूचं नाव, एक नग, किंमत, कर, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. करारही शोधून वाचला. बंदी तिथे होती, अकराव्या कलमात, हस्तांतर ह्या शीर्षकाखाली नाही तर 'सर्वसाधारण' ह्या शीर्षकाखाली. ह्या जागेला तर मी दाद देईन. 'सर्वसाधारण' नावाचं प्रकरण कोणताच वाचक उघडत नाही.

त्याचं बिलावर बोट ठेवणं हास्यास्पद वाटेल. मला ते अत्यंत तर्कशुद्ध वाटलं. जुनी मोटरसायकल घेताना २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात हे त्याला पाठ आहे, कारण गाडीच्या जगात 'नावावर करणं' ही उघड, सगळ्यांना ठाऊक असलेली पायरी आहे. ज्या गोष्टीला नावावर करण्याची पायरीच नाही, ती बिलावर चालते, असं तो समजला. खुर्ची, पंखा, इन्व्हर्टर असाच तर विकला जातो.

तुमच्यापैकी कित्येकांनी ह्याच्याही पुढचा व्यवहार केला असेल: गेमची आयडी विकणे. टेलिग्रामवर असे सौदे रोज होतात. दोन वर्षं खेळून, युसी विकत घेऊन, वर आलेली आयडी दोन-चार हजारांना जाते, आणि आठवड्याभराने मूळ मालक 'पासवर्ड विसरलो' म्हणत ती परत खेचून घेतो. फसलेला मुलगा पोलिसात जायला कचरतो, कारण बहुतेक अशा खेळांच्या अटींत खातं विकण्याला बंदीच असते. त्याला ही बंदी कळते ती फसल्यावर. युसी घेताना पडद्यावर किंमत दिसते, बोनस दिसतो, मर्यादित काळाची ऑफर लुकलुकते. 'हे तुम्हाला पुढे विकता येणार नाही' एवढी ओळ मावेल इतकी जागा त्या पडद्यावर नाही, असं मानायचं.

इतर देशांत हाच प्रश्न कसा सुटला, किंवा सुटला नाही, हे दोन खटल्यांत दिसतं. अमेरिकेत टिमथी व्हर्नर नावाचा माणूस ईबेवर जुना माल विकायचा. एका वास्तुरचनाकारांच्या ऑफिसातून घेतलेल्या ऑटोकॅडच्या जुन्या प्रती त्याने विकायला काढल्या आणि ऑटोडेस्कने त्याला अडवलं. व्हर्नरने स्वतः तो करार कधी मान्य केलेला नव्हता. २०१०मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. कसोटी अशी ठरली: कंपनीने परवाना म्हटलंय का, हस्तांतरावर मोठी बंधनं घातलीत का, वापरावर घातलीत का. तिन्ही असतील तर तुम्ही मालक नाही, परवानाधारक. म्हणजे बंधन घातलं, हाच बंधन घालण्याच्या अधिकाराचा पुरावा. ह्या युक्तिवादावर आमच्या चावडीवर बरेच दिवस हसले असते. युरोपच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ला, यूजसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल खटल्यात, नेमकं हेच ओळखलं. कायमच्या वापरासाठी एकरकमी पैसे घेतलेत तर ती विक्री. नुसतं 'परवाना' असं नाव दिल्याने सुटका होणार नाही, नाहीतर प्रत्येक विक्रेता तेच नाव देईल. ग्राहकाने स्वतःकडची प्रत पुसून टाकली की तो ती पुढे विकू शकतो.

मला युरोपचा निकाल पटतो, पण आपल्यासाठी त्याहून जवळची गोष्ट कॅलिफोर्नियात घडली आहे. १ जानेवारी २०२५पासून तिथे डिजिटल वस्तूसाठी 'बाय' किंवा 'पर्चेस' असा शब्द वापरायचा तर हा परवाना आहे, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगावं लागतं. त्याआधी ३१ मार्च २०२४ला यूबीसॉफ्टने 'द क्रू' ह्या खेळाचे सर्व्हर बंद केले होते आणि पैसे मोजून घेतलेला खेळ लोकांच्या हातात निरुपयोगी होऊन पडला होता. कायदा लागू व्हायच्या आधीच, ऑक्टोबर २०२४मध्ये, स्टीमच्या कार्टमध्ये ओळ दिसू लागली की डिजिटल वस्तूची खरेदी म्हणजे स्टीमवरचा परवाना मिळणं. ती ओळ मराठी पोरांनाही दिसते. समीक्षक म्हणून मी तिला काठावर पास करेन. शब्द सरळ आहेत, जागा पैसे भरण्याच्या आधीची आहे. पण त्या परवान्यात काय येतं आणि काय येत नाही, हे पुन्हा दुव्याच्या पलीकडेच. कायद्यानेच ती पळवाट ठेवली: बंधनांची पूर्ण यादी दाखवून ग्राहकाची पोच घ्या, नाहीतर एक सूचना आणि एक दुवा द्या. लोक काय निवडतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. एकच कोड दहा जणांना विकणारे लोक आहेत. चारशे रुपयांत 'ओरिजिनल' विंडोज देणाऱ्या जाहिराती तुम्ही पाहिल्याच असतील. हस्तांतर मोकळं सोडलं तर खरी प्रत कुठली, हे ठरवणं कठीण. काही बंधनं समजण्यासारखीही आहेत. लॅपटॉपसोबत आलेलं विंडोज त्या लॅपटॉपलाच बांधलेलं असतं, तो विकला तर त्याच्यासोबत जातं; सुटं घेतलेलं विंडोज दुसऱ्या मशीनवर नेता येतं. फरक आहे आणि त्याला कारणही आहे. माझं भांडण फरक असण्याशी नाही. हा फरक दुकानदारालाही माहीत नसतो, ह्याच्याशी आहे. वर्ग दोनच्या जमिनीवरचं बंधन निदान धारकाच्या बाजूचं होतं: भूमिहीनाला मिळालेली जमीन सावकाराने पाच वर्षांत गिळू नये म्हणून. आणि २०१९च्या नियमांनी ठरलेली रक्कम भरून अशा कित्येक जमिनी वर्ग एक करण्याची वाटही काढून दिली. सॉफ्टवेअरमधलं बंधन देणाऱ्याच्या बाजूचं, आणि वाट 'आमच्या लेखी संमतीने' ह्या तीन शब्दांत संपते.

बियाण्याच्या पाकिटाचं उदाहरण घ्या. आमचा पट्टा कपाशीचा. बियाणं हीसुद्धा आतमध्ये कोणाची तरी बौद्धिक संपदा असलेली वस्तू, सॉफ्टवेअरसारखीच. पाकिटावर उगवणक्षमता, शुद्धता, लॉट, चाचणीची तारीख छापावीच लागते. २००१च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याचं कलम ३९ तर हक्क आणि त्याची मर्यादा एकाच दमात सांगतं: संरक्षित वाणाचं बियाणंही शेतकऱ्याला जपता, पेरता, वाटता, विकता येतं, फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. आणि त्याच कलमात, वाणापासून काय अपेक्षा ठेवावी हे पैदासकाराने शेतकऱ्याला सांगितलं पाहिजे, तसं उतरलं नाही तर भरपाई मागता येते, असंही आहे. अंमलबजावणीबद्दल मी बोलत नाही, बोगस बियाण्याची रड आमच्याकडे दरवर्षीची. पण निदान कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पाकीट हातात धरलेला माणूस होता.

सॉफ्टवेअरच्या डब्यावर काय छापायचं, हे २०११चे वेष्टित वस्तूंचे नियम सांगतात: उत्पादक, नग, महिना-वर्ष, किंमत, तक्रारीचा पत्ता, आणि आकडे किती मिलिमीटर उंच असावेत तेही. हस्तांतराबद्दल काही नाही. ३० नोव्हेंबर २०२३च्या 'डार्क पॅटर्न' मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या रचनेचे तेरा प्रकार नावानिशी दिले आहेत, खोटी घाई दाखवण्यापासून वर्गणीच्या सापळ्यापर्यंत. 'खरेदी' म्हणून परवाना देणं, हा प्रकार त्या तेरांत नाही. चौदावा म्हणून तो घालायला माझी हरकत नाही.

उरतो २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा. त्यात पहिल्यांदाच 'अन्याय्य करार' ही कल्पना आली, म्हणजे ग्राहकाच्या हक्कांत मोठा फरक पाडणारा एकतर्फी करार. हिशेबाच्या सॉफ्टवेअरवाल्या त्या पोराला मी मोठ्या उत्साहाने हे सांगितलं. स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी' धरत नाहीत, तेव्हा तू ग्राहक ठरू शकतोस, हेही सांगितलं. त्याने विचारलं, तक्रार बुलढाण्याला होते का. जिल्हा आयोग बुलढाण्याला आहे, एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. पण करारच अन्याय्य आहे अशी तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येत नाही. कायद्याने ते काम राज्य आयोगापासून वर ठेवलंय, रक्कम चार हजार असली तरी. शिवाय कंपनीशी करार खामगावच्या माणसाने केला होता, ह्याने नाही. ते वेगळंच लफडं.

त्याने मोबाइलवर केससाठी येणारा खर्च आणि चार हजार ह्यांची वजाबाकी केली आणि लिब्रेऑफिस उतरवून घेतलं. हिशेब आता स्प्रेडशीटमध्ये चालतात, जरा हाताने, पण चालतात. मी सवयीने त्याचाही परवाना उघडून पाहिला. दुसऱ्याला द्यायला हरकत नाही, हे त्यात कलम दोनमध्येच आहे, व्याख्या संपल्या की लगेच.